तेलीबाग ते चारबाग, तिसऱ्या गियरमध्ये

हो, स्कूटरच बोलतेय. किक मारण्याआधी जिला जरा डाव्या अंगावर कलती करावी लागते, त्या जातीची. रंग फिका हिरवा, मागच्या सीटला एक चीर, आणि आवाज असा की गल्लीच्या तोंडाशी आले तरी घरात चहाचं आधण चढायचं.

माझा जन्म पुण्याकडच्या कारखान्यातला, पण सगळं आयुष्य गेलं लखनौत. चंद्रशेखर कुंटे नावाच्या बँकेतल्या साहेबांनी मला घेतलं. घर तेलीबागेत, बँक चारबागला. मूळचे सांगलीचे, त्यामुळे त्यांची हिंदी ऐकून पेट्रोलपंपावरचा भैयासुद्धा गालात हसायचा. घरात पत्नी अरुणाताई आणि एकुलती एक लेक पूर्वा. आईवडील मराठीत बोलायचे, पूर्वा हिंदीत उत्तर द्यायची, आणि दोन्ही कळणारी मी जिन्याखाली उभी असायची.

पूर्वाला गोंगाट सोसत नसे. कुकरची शिट्टी झाली की ती कान दाबून आतल्या खोलीत पळायची. पाहुण्यांच्या डोळ्यांत कधी बघायची नाही. रोजचा रस्ता मात्र रोजचाच हवा. भाजी घेऊन परतताना साहेबांनी चुकून दुसरी गल्ली धरली, तर मागून पाठीवर मूठ आपटायची, "ग़लत है बाबा, ग़लत है!" आम्हाला मागे वळून पहिल्यापासून यावं लागे. साहेब कुरकुरायचे, पण वळायचे.

शाळेत तिचं बस्तान बसेना. घ आणि ध तिला सारखेच दिसायचे, भ आणि म एकमेकांच्या जागा पळवायचे. 'घर' वाचायला जावं तर 'धर' व्हायचं. मास्तर म्हणायचे आळशी आहे, शेजारी म्हणायचे हट्टी आहे. शेवटी दिल्लीच्या एका डॉक्टरीणबाईंनी तिला नीट तपासलं आणि दोन शब्द सांगितले, डिस्लेक्सिया आणि ऑटिझम. त्या दिवशी स्टेशनवरून घरी आल्यावर अरुणाताई माझ्या सीटला टेकून उभ्या राहिल्या. "म्हणजे पोरीची काही चूक नाही," एवढंच म्हणाल्या आणि पदराने डोळे पुसले.

शहाण्णव साली पूर्वा नववीत गेली आणि सहामाहीत जवळजवळ सगळ्या विषयांत नापास झाली. मुख्याध्यापिका सक्सेना मॅडम वाईट नव्हत्या. त्यांनी साहेबांना बोलावून स्वच्छ सांगितलं, "वार्षिक में हम प्रश्न पढ़कर सुना देंगे, जवाब भी लिख देंगे. लेकिन बोलना तो उसी को पड़ेगा ना? इस बार पास नहीं हुई तो हम रख नहीं पाएँगे."

मग घरात अभ्यासाचा धडाका सुरू झाला. साहेब ऑफिसातून आले की टेबलाशी पुस्तक उघडून मोठ्याने वाचायचे. पूर्वा बोटं हलवत छताकडे बघत राहायची. "काय सांगितलं मी आत्ता?" आवाज चढायचे. एका संध्याकाळी इतिहासाचं पुस्तक खिडकीतून उडालं ते थेट जिन्याबाहेर डोकावणाऱ्या माझ्या हँडलवर येऊन आदळलं.

पाठोपाठ साहेब खाली आले. पूर्वाचा हात धरलेला, दोघांचेही चेहरे लाल. "चल, एक चक्कर मारून येऊ," ते म्हणाले. मला बाहेर काढलं. नहरेचा, म्हणजे कालव्याचा, पूल ओलांडून आम्ही लष्करी छावणीतल्या, कँटच्या झाडांखालच्या रस्त्याला लागलो. मी तिसऱ्या गियरमध्ये आले आणि मागच्या सीटवरचा श्वास हळूहळू शांत झाला. साहेबांच्या डोक्यात मात्र धडाच घोळत होता. एका मोठ्या चिंचेजवळ ते आपल्याशीच पुटपुटले, "पॅरिसच्या लोकांनी तुरुंग फोडला, आणि हिला तुरुंगाचं नावसुद्धा येत नाही. बॅस्टिल."

दोन दिवसांनी त्याच चिंचेखालून जाताना मागून स्पष्ट आवाज आला, "पेरिस के लोगों ने जेल तोड़ा. बास्तील."

साहेबांनी इतका करकचून ब्रेक दाबला की माझी चाकं किंचाळली. "पूर्वा, काय म्हणालीस?"

"यहीं तो बताया था आपने," ती म्हणाली. जणू चिंचेवर ते लिहिलेलंच होतं आणि विचारणाराच वेडा.

त्या दिवसापासून माझं काम बदललं. आजवर मी साहेबांना बँकेत पोचवत होते, आता मी अख्खी नववी वाहू लागले. फ्रान्सची राज्यक्रांती कँटच्या चिंचेपासून सुरू होई आणि चारबागच्या अलीकडे संपे. राजाचं डोकं उडे ते एका पानवाल्याच्या टपरीपाशी, आणि तो बिचारा आम्हाला रोज सलाम करायचा. भूगोल विमानतळाकडे जाणाऱ्या अमौसीच्या रस्त्यावर, कारण तिकडे आभाळ मोकळं आणि वारे समजावायला सोपे.

पचनसंस्था मात्र पूर्वानेच बसवली. "तेलीबाग की सब्ज़ी मंडी मुँह है," तिने जाहीर केलं. "ये पतली गली अन्ननली है. और चौराहा आमाशय है. यहाँ सब घूमता है."

"मग इथे पाचन होता है," साहेब म्हणाले.

"पाचन क्रिया होती है," पूर्वाने सुधारलं. "बाबा, आपकी हिंदी ठीक नहीं है."

साहेब इतके हसले की मला हेलकावे बसले. लेकीने बापाची चूक काढली, याचा त्यांना केवढा आनंद झाला होता! अरुणाताईही मग रविवारी यायच्या. तिघांना घेऊन पुलाचा चढ चढताना माझा जीव निघायचा, पण त्या मागून गाण्याच्या चालीत सूत्रं म्हणायच्या आणि पूर्वा ठेका धरायची.

परीक्षेचा पहिला दिवस इतिहासाचा. पूर्वाची व्यवस्था शाळेच्या मागच्या एका खोलीत केली होती. खिडकीबाहेर कडुनिंबाखाली मला लावलं होतं. साहेब माझ्या सीटवर नुसते बसून होते. बँकेची वेळ होत आली तरी उठेनात.

थोड्या वेळाने सक्सेना मॅडम बाहेर आल्या. "कुंटेजी, बच्ची कुछ बोल ही नहीं रही. दीवार देख रही है."

"मॅडम, उसको पूछिए ना, कँट के इमली के पास क्या हुआ."

"वो तो इशारा हो जाएगा. ये मैं नहीं कर सकती."

त्यांचंही बरोबर होतं. साहेबांनी मान खाली घातली. मॅडम आत गेल्या. हरलेल्या माणसासारखे साहेब उठले, मला कलती केली आणि किक मारली. मी सुरू झाले.

आणि खिडकीतून आवाज आला. आधी बारीक, मग धडाधडा. कर, भाकरीचा भाव, राजा, राणी, चिंच, तुरुंग. नुसती राज्यक्रांती नाही, ओळीने सगळा रस्ता!

साहेबांनी पहिला गियर टाकलाच होता. मॅडम पळत व्हरांड्यात आल्या. "कुंटेजी! गाड़ी बंद मत कीजिए!"

मग काय, पेपर संपेपर्यंत मी जागच्या जागी धडधडत राहिले. साहेब बँकेत उशिरा गेले आणि बोलणी खाऊन आले, पण शीळ घालत आले. पुढच्या प्रत्येक पेपराला माझी ड्यूटी त्या कडुनिंबाखाली लागली. शाळेचा शिपाई म्हणायचा, "साहब, आपकी तो गाड़ी भी इम्तिहान दे रही है."

शेवटचा पेपर विज्ञानाचा. गडबडीत साहेब पेट्रोल भरायला विसरले होते. आत पूर्वा उत्तर सांगत सब्ज़ी मंडीतून निघून चौकात पोचली होती, तेवढ्यात मला उचकी लागली. मी जीव एकवटला. साहेबांनी चोक ओढला, मला हलवलं, कलती केली. पण टाकी कोरडी. मी बंद पडले.

आत पूर्वाचं उत्तर चौकातच अडकलं. साहेब माझ्या हँडलवर कपाळ टेकून उभे राहिले. एवढं लाजिरवाणं मला कधी वाटलं नव्हतं.

मग आतून मला माझाच आवाज ऐकू आला.

"घर्रर्र..." हुबेहूब. माझा तिसरा गियर, चढावरची किंचित घरघर धरून. पूर्वा तोंडाने मला चालवत होती. थोडं चालवलं, थांबली, आणि म्हणाली, "छोटी आँत. लिखिए मैडम."

साहेब मटकन जमिनीवर बसले, हसत होते की रडत होते कोण जाणे.

पूर्वा पास झाली. हिंदीत काठावर, इतिहासात वर्गातल्या कितीतरी मुलींच्या पुढे. पुढच्या वर्षी दहावीला तिने मला दाराशी बोलावलंच नाही. रस्ते आम्ही मिळून फिरलो, पण परीक्षेला माझा आवाज ती स्वतःबरोबर घेऊन गेली. प्रश्न ऐकून तोंडी उत्तरं द्यायची खास परवानगी मॅडमनी तिच्यासाठी आणली होती. तीही परीक्षा तिने पार पाडली.

आता साहेबांची बदली सांगलीला झाली आहे. मी चारबागच्या पार्सल ऑफिसासमोर उभी आहे. टाकी रिकामी केलीय, आरशांना गवत गुंडाळलंय, हमाल अंगावर गोणपाट शिवतोय. बँकेतले मित्र साहेबांना म्हणत होते, इथेच विका, तिकडे नवी घ्या. साहेबांनी ऐकून घेतलं आणि पार्सलची पावती फाडून आणली.

पूर्वा माझ्या शेजारी उभी आहे, कान झाकून, कारण स्टेशनवर फार गलका आहे. आत्ताच तिने विचारलं, "बाबा, सांगली में पहला मोड़ कौन सा है?"

"सगळं बदललं असेल गं आता," साहेब म्हणाले. "आपण तिघं मिळून शोधू."

पूर्वाने कानावरचा एक हात काढला आणि माझ्या सीटवर ठेवला. "चौघं," ती म्हणाली. मराठीत.

हमाल भैया, गोणपाट जरा हळू ओढ. आत्ता तिथे तिचा हात आहे.