आधी रक्त, मग मी

मी फ्रिजमधलं इंजेक्शन बोलतोय. हसू नका! गास गावातल्या एका घरात, मधल्या कप्प्यात, मोगऱ्याच्या कळ्यांच्या पुडीशेजारी मी पडून आहे. दार उघडलं की उजेड, मिटलं की अंधार. गप्पा मारायच्या तरी कुणाशी? कालच्या आमटीशी?

मी ठिसूळ हाडांवरचं औषध. सहा महिन्यांतून एकदाच टोचतात, म्हणून माणिकपूरच्या दुकानात होतो तेव्हा जरा तोऱ्यातच असायचो. तिथून जितेशने मला बर्फाच्या पिशवीत घालून घरी आणलं. त्याची आई, लतिकाबाई, वाडीत पाय घसरून पडल्या आणि मनगट मोडलं. एवढ्याशा पडण्याने हाड मोडलं म्हणून डॉक्टरांनी हाडं तपासली आणि माझं नाव सुचवलं.

जितेश पुण्याला नोकरीला, रजा संपत आलेली. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग! मला फ्रिजमध्ये ठेवलं आणि मग दवाखान्यात फोन लावला. डॉक्टर म्हणाले, "अहो, आधी रक्त तपासा. कॅल्शियम, डी व्हिटॅमिन, किडनी. कॅल्शियम कमी असताना हे टोचलं तर ते आणखी उतरेल, जिवावर बेतेल." झालं! जितेश पुण्याला गेला आणि मी इथेच राहिलो.

मग रोज संध्याकाळी त्याचा फोन येऊ लागला. हात प्लास्टरमध्ये, म्हणून बाई फोन स्पीकरवर ठेवून ओट्याशी उभ्या राहायच्या. मला सगळं ऐकू यायचं.

"आई, रक्त दिलंस का?"

"अरे, आज संकष्टी. उपासाच्या दिवशी कुठे सुई टोचून घेऊ?"

कधी शनिवार निघायचा, शनिवारी म्हणे लोखंड अंगाला लावत नाहीत. कधी अमावस्या. जितेश वैतागायचा. "आई, तुझं पंचांग संपणार कधी गं?" पण वैतागता वैतागता विचारायचा, "जेवायला काय केलंस?" बाई म्हणायच्या, "वालाचं बिरडं." तो म्हणायचा, "ए, छळू नकोस ना!" आणि दोघं हसायची. त्यानंतर बाई फ्रिज उघडायच्या त्या गुणगुणतच.

रक्त न्यायला येणारी हिल्डा मात्र दारातून परत जाऊन जाऊन कंटाळली. एका सकाळी ती आत येऊन सरळ स्वयंपाकघरातच बसली.

"काकी, अमावस्या परवाच झाली. आज परत कुठून आली?"

बाई हसल्या, मग खुर्चीवर टेकल्या. "हिल्डा, खरं सांगू? रक्त दिलं की रिपोर्ट येईल. रिपोर्ट आला की सुई टोचून मोकळे. मग सहा महिने माझ्याशी बोलायला त्याला निमित्त काय उरेल गं? आधी पंधरा पंधरा दिवस आवाज नसायचा त्याचा."

आई शप्पथ, मला वाटत होतं या बाई सुईला घाबरतात!

हिल्डाने पिशवीतून दंडाला बांधायचा पट्टा काढला. मग म्हणाली, "आणि पुन्हा पडलात, खुबा मोडला, तर? त्या निमित्ताने आलेला फोन आवडेल तुम्हाला? द्या हात."

बाईंनी हात दिला. सुई टोचताना त्या फोनकडे बघत होत्या.

रिपोर्ट आला. डी व्हिटॅमिन फारच कमी, कॅल्शियमही उतरलेलं. डॉक्टर म्हणाले, आधी गोळ्या, मग पुन्हा रक्त, मग इंजेक्शन. बाई काय खूश झाल्या म्हणून सांगू! फ्रिजचं दार उघडून मला म्हणाल्या, "थांब रे बाबा, घाई नाही."

पण जितेश हुशार. एका रविवारी धावतपळत आला आणि आईच्या मोबाइलमध्ये रोज संध्याकाळचा गजर लावून गेला. "गोळीची वेळ झाली की वाजेल. आता मी रोज आठवण करून द्यायला नको."

"बरं केलंस," बाई म्हणाल्या.

दुसऱ्याच दिवशी त्या मोगऱ्याला पाणी घालत होत्या आणि फोन वाजला. "आले रे, आले!" म्हणत त्या ओल्या पायांनी पडवीच्या लादीवरून धावत सुटल्या. उंबऱ्याशी पाय सटकला, चौकट धरली म्हणून वाचल्या. "हॅलो, जितू?" गजर आपला वाजतोच आहे. तेव्हापासून रोज हेच. गजर आहे हे ठाऊक असूनही त्या रोज धावतात, रोज "हॅलो" म्हणतात, आणि मग गोळी घेतात. माझा जीव तेवढा वेळ टांगणीला लागतो.

आता दुसरं रक्तही तपासून झालं, सगळं ठीक आहे. उद्या मला टोचणार. माझी जागा रिकामी होईल, तिथे दह्याचं भांडं येईल. हाडं धरून ठेवणं माझं काम, ते मी इमानाने करीन. पण ओल्या लादीवरून धावणाऱ्या माउलीला मी आतून कसा धरू?

जितेशभाऊ, तो गजर तेवढा बंद करा आणि त्याच वेळेला स्वतः फोन करा. जेवायला काय केलंस, एवढंच विचारलंत तरी पुरे. आणि फोन जरा जास्त वेळ वाजू द्या. त्यांना वाडीतून सावकाश चालत यायला वेळ लागतो.