लोसालिनीची भट्टी

वादळाने वुनिवेसी गावातलं एकही छप्पर जागेवर ठेवलं नव्हतं, आणि वादळातून उरलेली गावाची एकी आता मदत संस्था उडवून नेणार, असं लोसालिनीचं मत होतं. ते ती कुणापासून लपवतही नव्हती.

संस्थेचा माणूस एतोनिया राजधानी सुवाहून बोटीने छपराचे पत्रे घेऊन आला होता. शनिवारपर्यंत ज्याच्या घराचे खांब उभे असतील त्यालाच पत्रे, उरलेले पुढच्या बेटावर, असा त्याचा नियम. झालं! एरवी एकमेकांच्या दारात पडीक असणारी माणसं आपापल्या घरामागे लागली. प्रत्येक जण एकटा खड्डा खणतोय, एकटाच ओंडका ओढतोय, आणि उभं कुणाचंच काही राहत नाही. लोसालिनी तर विधवा बाई, मुलगा परदेशात फळं तोडायला गेलेला. साठी उलटल्यावर तिने एकटीने खांब उभे करायचे तरी कसे?

एतोनियाकडे तिच्यासाठी सोय होती. संध्याकाळच्या बैठकीत, सगळ्यांसमोर, त्याने ती अगदी मायेने सांगितली. "मावशी, 'मी निराधार आहे' एवढं फक्त म्हणा. शहरातले सुतार येऊन घर बांधून देतील."

"निराधार म्हणजे?"

"म्हणजे तुम्हाला कुणी नाही."

लोसालिनीने चटईवर बसलेल्यांवरून नजर फिरवली. यातल्या कितीतरी घरांचे खांब तिच्या नवऱ्याने खांद्यावर वाहिले होते, आणि कितीतरी बाळंतपणं तिने स्वतः निभावली होती.

"मग हे सगळे काय मेलेत?" ती म्हणाली. "आमच्यात सोलेसोलेवाकी असते. आज सगळे तुझ्या घरी राबतात, उद्या सगळे माझ्या घरी. त्यात कुणी कुणावर उपकार करत नाही. तुझ्या गावात नाही का हा शब्द?"

"माझी आजी म्हणायची," एतोनिया हसला. "आता भाषणापुरता उरलाय, मावशी."

आणि चटईवरचं कुणीच त्याला खोटं पाडेना. गावप्रमुख आपेनिसा, तिचा सख्खा धाकटा दीर, बैठकीत प्यायच्या यांगोनाच्या करवंटीत केस पडल्यासारखा आत बघत बसला. लोसालिनीच्या जिव्हारी लागलं ते हे. एक हो म्हटलं असतं तर घर झालं असतं. तिने नाही म्हटलं आणि उठून आली.

सकाळी तिने परसातला होता नव्हता तेवढा कसावा उपटला. वादळाने आडवा केलेला, पण पुढचे दोन महिने तिला तोच पुरवायचा होता. वुनिवेसीत ज्याच्या घरी गाव राबतं, तो गावाला जेवू घालतो. आधी माणसं ठरतात, मग जमिनीतल्या खड्ड्यात दगड तापवून भट्टी लावतात. लोसालिनीने उलटंच केलं. एकाही माणसाने यायचं कबूल केलेलं नसताना तिने गावजेवणाची भट्टी पेटवली आणि धूर गावभर जाऊ दिला.

आपेनिसा धावतच आला. "वहिनी, डोकं फिरलंय का? कोण येणारेय कामाला?"

"ते तुम्ही सांगायचं, भाऊजी. प्रमुख तुम्ही."

"आणि कुणी नाही आलं तर?"

"तर सगळं बोटीत घालते आणि पुढच्या बेटावर वाढून येते. सांगते, वुनिवेसीत जेवायला माणूस मिळाला नाही."

आतून ती घाबरली होती, चांगलीच. पण ते दिराला कळू देईल तर ती लोसालिनी कसली.

आपल्या भावाला हिनेच लवकर वर पाठवला, असं तोंडाने पुटपुटत आपेनिसाने पहार उचलली. पहिला खड्डा त्याने एकट्याने खणला. मग प्रमुखच तिथे म्हटल्यावर त्याचे दोन भाचे आले, पाठोपाठ शेजारी, आणि त्यांच्या बायका भिंतींसाठी झाप विणायला. जो ओंडका एकेकट्याला हलत नव्हता तो आठ जणांनी हसतखेळत उचलला. दुपारपर्यंत लोसालिनीचे सगळे खांब उभे होते, आणि पुढचं घर कुणाचं यावर भांडण सुरू झालं होतं. ते भांडण ऐकून तिला रडू आलं. तिने धुराचं निमित्त केलं.

खांबांच्या मधेच चटया पडल्या, पानं वाढली गेली. एतोनिया लांब उभा राहून बघत होता. लोसालिनीने त्याला हाक मारली. "ये, जेवायला बस."

"नको मावशी. ज्यांना मदत द्यायची, त्यांच्याकडचं आम्ही काही घ्यायचं नाही, असा नियम आहे."

"मग तुझे पत्रे बोटीतच राहू देत," ती म्हणाली. "माझ्या हातचं ज्याला चालत नाही, त्याच्या हातचं मलाही नको."

आपेनिसाने कपाळावर हात मारला. परस रिकामं झालं होतं, आणि आता ही बाई छपरावरही पाणी सोडत होती. वाढलेलं पान धरून लोसालिनी उभी होती. पान खाली येत नव्हतं. सगळ्यांचे घास हातातच राहिले.

एतोनियाने एकदा बोटीकडे बघितलं. मग त्याने बूट काढले, मांडी घातली आणि पान घेतलं. सुरुवातीला तो चोरट्यासारखा खात होता, मग त्याने नारळाच्या दुधातली मासळी स्वतःहून मागून घेतली.

त्याचं पान रिकामं होईपर्यंत लोसालिनी समोरून हलली नाही. मग तिने पहार आणून त्याच्या हातात दिली.

"चल," ती म्हणाली. "आता भाऊजींच्या घराचे खड्डे खणायचेत."