जेवणाआधी अर्धा तास

मी गोळी बोलतेय. छातीतल्या जळजळीवरची. रंगाने पिवळी, हरभऱ्याच्या डाळीएवढी, अंगावर गुळगुळीत लेप. पंधरा जणींच्या पाकिटात मी शेवटची उरले आहे. बाकीच्या चौदा घरांचा कागद फाटलेला, आत काही नाही.

उद्या सोमवार. उद्या महामायाबाईला, म्हणजे मला घेणाऱ्या बाईला, बुलढाण्याला नेणार, पुन्हा घशातून दुर्बीण टाकायला. म्हणून मी घाबरलेली आहे. आणि घाबरले की मला गोड बोलता येत नाही, हे आधीच सांगून ठेवते.

कारखान्यात माझ्या अंगावर हा लेप चढवला तो शोभेसाठी नाही. पोटातल्या आम्लात मी मरू नये म्हणून. मी पोटातून पुढे सरकते, आतड्यात उघडते, रक्तात उतरते आणि रक्तातून परत पोटाकडे येते. तिथे आम्ल सोडणारे बारीक बारीक पंप असतात, ते मी बंद करते. पण पंप चालू असला तरच तो माझ्या हाती लागतो, आणि तो जोरात चालू होतो माणूस जेवायला बसल्यावर. म्हणून आधी मी जायचं, मग अर्ध्या तासाने घास यायचा. घास चार तास आलाच नाही, तर मी वाट बघून विरून जाते. घासाच्या मागून मला ढकललं, तर अन्नाच्या गर्दीत अडकून पडते. एवढंच आहे सगळं. यात न कळण्यासारखं काय आहे? पण लोणारच्या या घरात दीड महिना कुणाला कळलं नाही.

कारण औषध बाईचं, आणि सूचना ऐकली नवऱ्याने.

नवरा म्हणजे इंद्रभान. एसटीत होता, लोणारच्या स्टँडवर वाहतूक नियंत्रक. तीस वर्षं माईकवर गाड्या पुकारल्या. "मेहकरकडे जाणारी गाडी दहा मिनिटं उशिरा धावत आहे," असं अख्ख्या स्टँडला सांगायचा. निवृत्त होऊन चार वर्षं झाली, तरी रोज सकाळी चहा पिऊन स्टँडवर जाऊन बसतो. जेवायला घरी येतो कधी बाराला, कधी अडीचला, कधी साडेतीनला. आणि तो जेवल्याशिवाय महामायाबाई जेवत नाही.

पहिल्या दुर्बिणीत तिच्या अन्ननलिकेच्या खालच्या टोकाला जखम दिसली. डॉक्टर म्हणाले, "आठ आठवडे गोळी. मग पुन्हा बघू. तेव्हाही भरली नसेल तर तुकडा काढून तपासायला पाठवावा लागेल." बोलले ते इंद्रभानकडे बघून. बाई बाजूला पिशवी धरून बसली होती. तिच्या मोठ्या बहिणीला शेवटी पाण्याचा घोटही उतरत नव्हता. तिचाही तुकडाच तपासायला पाठवला होता. तो शब्द ऐकल्यापासून महामायाबाई जेवताना गळ्यावर हात ठेवते. घास उतरला का, बघते.

घरी आल्यावर सासूने विचारलं, "कवा घ्याची म्हणे गोळी?"

"जेवणाच्या वक्ती," इंद्रभान म्हणाला. 'आधी अर्धा तास' हे शब्द रस्त्यात कुठेतरी सांडले.

सासू जनकाबाई. वय ऐंशीच्या पुढे, जीभ पंचविशीची. ती म्हणाली, "उपाशीपोटी गोळी गरम पडते. भाकर खाऊन घे, वरून दूध पे." झालं! पहिली दोन पाकिटं अशी गेली. साडेतीनला भाकर, वर दूध, वर गोळी, आणि पहाटेपासून राबलेली बाई लगेच चटईवर आडवी. पाचला आंबट पाणी घशाशी. मग जळजळीवरच्या गुलाबी औषधाची बाटली तोंडाला लावायची, भिंतीला टेकून बसायचं, आणि म्हणायचं की गोळीला गुण नाही. एकदा तर म्हातारीने माझ्या एका बहिणीला खलबत्त्यात कुटलं, "लवकर लागू पडते," म्हणून. अंगावरचा लेपच मोडला. पोटातच मेली बिचारी.

तिसऱ्या पाकिटाच्या वेळी मेडिकलवाल्या अकीलने इंद्रभानला बजावलं, "काका, जेवणाच्या आधी द्या बरं." तेव्हापासून गोळी सकाळी सहाला सुरू झाली, काळ्या चहासोबत. आधी म्हणजे आधी! घास यायचा दुपारी तीनला. नऊ तास आधी. तेही पाकीट संपलं.

चौथं पाकीट, म्हणजे आम्ही, आणायला बाई पहिल्यांदा स्वतः गेली. इंद्रभान गावाला गेला होता म्हणून, नाहीतर तेही झालं नसतं. अकीलने आम्हाला हातात घेतलं आणि विचारलं, "मावशी, फरक पडला का?"

"नाही ना रे बाबू. घेऊन तं राह्यली रोज."

"जेवता किती वाजता?"

"हे आले की."

"ते कवा येतात?"

बाई हसली. "त्याईचं काही खरं नाही."

"मंग ही गोळी काकालेच द्या," अकील म्हणाला. "जखम तुमच्या नळीत अन् घड्याळ काकाच्या हातात. कसं भराव तिनं?"

बाई पुन्हा हसली, मग हसू थांबलं. तिने त्याच्याकडून सगळं दोनदा ऐकून घेतलं. अकराला गोळी. साडेअकराला जेवण. जेवल्यावर तीन तास आडवं व्हायचं नाही. मोडायची नाही, कुटायची नाही.

घरी येऊन तिने आम्हाला चुलीवरच्या फळीवर, चहाच्या डब्याला टेकवून ठेवलं. तिथून मला सगळं दिसतं. पहिले तीन दिवस तिने अकराला गोळी घेतली, साडेअकराला ताट काढलं आणि दाराकडे बघत बसली. बारा. एक. तीन. माझ्या तीन बहिणी आत वाट बघत संपल्या. मी ओरडत होते, अगं खा! ताट पुढ्यात आहे, हात तुझा आहे, खा!

चौथ्या दिवशी तिने भाकरीवर हात ठेवला. दहालाच जेवून बसलेली जनकाबाई ओसरीतून म्हणाली, "तो आला नाही अजून." बाईने हात काढला.

पाचव्या दिवशी ती ताट घेऊन दारामागे गेली. उभ्याने, भिंतीकडे तोंड करून खाऊ लागली. छप्पन्न वर्षांची बाई, स्वतःच्या हाताने थापलेली भाकर स्वतःच्या घरात चोरून खात होती. मला राग कुणाचा आला म्हणाल तर तिघांचाही. तिचाही. लेकी-सुना असतील तर त्यांनाही तिने हेच शिकवलं असणार.

आणि त्याच दिवशी इंद्रभान लवकर आला. दार ढकललं, ते तिच्या खांद्याला लागलं.

"काऊन वं, दारामागं काय करून राह्यली?"

तिच्या तोंडात घास होता. तो गिळायला तिला वेळ लागला. गळ्यावर हात ठेवून तिने गिळला.

"जेवून राह्यली."

"भूक लागली तं सांगाचं मले!"

तेव्हा ती जे बोलली ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. तसा माझा जीव केवढा! तरी.

"गाडी दहा मिनिटं उशिरा आली तं तुम्ही माईकवर सांगत होते. अनोळखी लोकाईले सांगत होते. घरी कवा सांगतलं?"

जनकाबाई काहीतरी पुटपुटली. इंद्रभानने पायातल्या चपला काढल्या, पुन्हा घातल्या, पुन्हा काढल्या. दुसऱ्या दिवशी अकराला दहा कमी असताना फोन वाजला. तोच माईकवरचा आवाज. "मले याले दोन वाजतीन. जेवून घे." त्यानंतर कालपर्यंत रोज आला फोन. त्याचे पेढे वाटू नका. दोन महिन्यांत करायचं काम त्याने शेवटच्या दहा दिवसांत केलं.

नऊ दिवस माझ्या बहिणी वेळेवर गेल्या, वेळेवर घास आला. बाईचं आंबट पाणी कमी झालं आहे, झोप लागते. पण जळजळ थांबली म्हणजे जखम भरली असं नाही, हे मला माहीत आहे. आठ आठवड्यांचं काम होतं. आम्हाला मिळाले दहा दिवस. उद्या ती दुर्बीण काय बघेल? तुकडा काढतील का? मला कळणार नाही, मी तेव्हा नसेन.

आज रविवार. अकरा वाजले. फोन आला नाही.

बाईने एकदा फोनकडे बघितलं, एकदा दाराकडे. जनकाबाई ओसरीतून म्हणाली, "फोन नाही आला वं त्याचा."

"नाही येऊ दे," बाई म्हणाली. दारामागचा पाट तिने उचलला, आणला आणि ओसरीच्या मधोमध, सासूसमोर टाकला. त्यापुढे रिकामं ताट ठेवलं.

आता ती माझ्या पाठीवरचा कागद अंगठ्याने दाबते आहे. मी निघते. माझं काम मी करीन, एकटी असले तरी. तुमच्याकडे एवढंच मागणं आहे: अर्ध्या तासाने त्या ताटात भाकर पडू द्या, आणि तिचा हात कुणी अडवू नका.