कापलेल्या झाडाला पाणी नको

"थंडी सरेपर्यंत हिला कात्री लावू नकोस," शिंपीकाकांनी कुंडी हातात देताना बजावलं होतं. "आत्ता झाड झोपलेलं असतं. मान लांबवेल, वाकेल, बेढब दिसेल. दिसू दे. दिवस मोठे झाले, उन्हं तापली की मी छाटेन."

"हो काका, कळलं," ती म्हणाली होती. कडेवरची लेक किरकिरत होती, गॅसवर दूध होतं. तिने ते या कानाने ऐकलं आणि त्या कानाने सोडून दिलं.

काका तळमजल्यावर राहत, ती दुसऱ्या मजल्यावर. डोळ्याच्या ऑपरेशनसाठी ते पुतण्याकडे निघाले होते. झाड काकूंचं होतं, जाड रसाळ पानांचं, हिरव्या गुलाबासारखं. काकू जाऊन तीन वर्षं झाली. साड्या वाटून झाल्या, भांडी पुतण्याने नेली. झाड तेवढं राहिलं.

थंडीत तिच्या खिडकीत ऊन यायचं ते तोंड दाखवण्यापुरतं. झाडाने उजेडाकडे मान काढली ती काढलीच. त्यात लेक पानं ओढायला शिकली. सलग तिसऱ्या जागरणानंतरच्या दुपारी तिने दुधाची पिशवी कापायची कात्री उचलली आणि शेंडा उडवला. तो लगेच बुंध्याशेजारीच मातीत खोचला, भरपूर पाणी घातलं आणि गारठू नये म्हणून वरून प्लॅस्टिकची पिशवी चढवली.

"आता एक टोपडंही घाल," नवरा म्हणाला.

"रात्रभर घोरणाऱ्यांनी बोलू नये," ती म्हणाली.

आठ दिवसांत बुंधा पिकल्या केळ्यासारखा मऊ झाला. शेंडाही खालून काळा पडू लागला. लेकीला पाजता पाजता ती मोबाइलवर उपाय शोधत बसे. जो तो काकांचंच सांगत होता, फक्त जास्त शब्दांत.

आणि एका सकाळी तळमजल्याच्या खिडकीत दिवा दिसला. काका आले होते. पहिला प्रश्न झाडाचाच असणार. तेव्हापासून ती चपला हातात घेऊन जिना उतरू लागली. झाड सावरलं की भेटू, असं रोज म्हणायची. झाड काही सावरेना.

शेंडा कापल्यापासून बाराव्या दिवशी लेकच नेमकी त्या दारासमोर खिदळली.

"पोरी, तूच ना?" आतून आवाज आला. "दार लोटलेलंच आहे."

काका खुर्चीत बसले होते. एका डोळ्यावर पट्टी, दुसऱ्याला आधीपासूनच धूसर दिसायचं. जन्मभर लोकांची काज-बटणं करणाऱ्या माणसाच्या सदऱ्याचं बटण एक घर चुकलं होतं. पुतण्या सोडून गेला तो गेलाच. टेबलावर औषधाची बाटली होती.

"दिवसातून चार वेळा थेंब घालायचेत," काका म्हणाले. "नेम लागला तर डोळ्यात, नाहीतर कानात."

"मला हाक का नाही मारली, काका?"

"रोज चपला हातात घेऊन उतरतेस. मशीन बंद असलं की कान रिकामेच असतात. म्हटलं, लेकरू झोपलं असेल. नाहीतर आमचा काही राग असेल."

तिला बसावंसं वाटलं. ती बसलीच. मग सगळं सांगून टाकलं, दुधाच्या कात्रीपासून पिशवीपर्यंत.

"माप न घेता कापलंस," काका म्हणाले. "आण खाली. आधी थेंब घाल, मग आण."

तिने थेंब घातले, बटण नीट लावलं, कुंडी आणली. काकांनी शेंडा उपटला आणि अंगठ्याने देठ चाचपला. "इथवर गेलंय. इथून पुढे कडक आहे." त्यांनी कापडाची मोठी कात्री पुढे सरकवली. ती कात्री त्यांनी काकूंना कधी दोरासुद्धा कापायला दिली नव्हती. "स्पिरिटने पूस. आतला गाभा स्वच्छ दिसेपर्यंत काप."

"पण अजून थंडीच आहे."

"सडायला लागल्यावर ऋतू बघत बसायचं नसतं."

तिने कापलं. दुसऱ्या कापाला गाभा हिरवट पांढरा निघाला. बुंधा टाकावा लागला. उरला तो बोटभर देठाचा शेंडा, काकांच्या खिडकीत वर्तमानपत्रावर ठेवलेला. जखम सुकून खपली धरेपर्यंत माती नाही, पाणी नाही.

"जगेल?" तिने विचारलं.

"बघू. तू जेवलीस का?"

ती जेवली नव्हती.

सकाळी, संध्याकाळी आणि रात्री थेंब घालणं तिला जमणार होतं. दुपारी बाराचं जमणार नव्हतं. तेव्हा लेक अंगावर पीत झोपते आणि तिचाही डोळा लागतो. म्हणून तिने कागद घेतला, मोठ्या अक्षरात लिहिला आणि जिन्याच्या तोंडाशी चिकटवला:

"तळमजल्यावरच्या काकांना दिसत नाही. हाक ते मारणार नाहीत. हे वाचणाऱ्याने दुपारी बाराच्या सुमारास दार लोटून आत जावं, पट्टीखालच्या डोळ्यात दोन थेंब घालावेत, जेवलेत का विचारावं. खिडकीतल्या कापलेल्या झाडाला मात्र पाणी घालू नये. काकांकडे तेवढं बघा."