कलकत्त्याच्या बाजूचे लोक

"गुणाजी, फाटक?"

"लावलं साहेब. नंबर घ्या, चव्वेचाळीस."

"चव्वेचाळीस. बरं. आता सांग, आज काय म्हणतात तुझी माणसं?"

गुणाजीने रिसीव्हर एका कानावरून दुसऱ्या कानावर घेतला. आतापर्यंतचं बोलणं रेल्वेचं होतं, खरं आता सुरू व्हायचं होतं.

"मानसं पेटलीत साहेब," तो म्हणाला. "हैबतराव तर म्हनतो, रविवारी तुमच्या गोव्यावर तीन गोल चढनार. लिहून घ्या."

"हैबतरावाला सांग, आमचा गोलकीपर अजून जिवंत आहे. काल पिंटो सांगत होता, तुमचा तो सेंटर फॉरवर्ड लंगडतोय म्हणून."

"लंगडतोय तरी धावतोय साहेब. तुमची मानसं दोन पायांनी तरी कुठं धावतात?"

पलीकडून नोरोन्हा मास्तर खदखदून हसले. तेवढ्यात पॅसेंजर फाटकावरून धडधडत गेली आणि दोघांनाही फोन ठेवावा लागला.

हे फाटक कासू स्टेशनच्या पुढे, नागोठण्याच्या बाजूला. गाडी सोडण्याआधी स्टेशनमास्तरने फोन करायचा, गेटमनने फाटक लावून कागदावरचा एक नंबर सांगायचा, मग सिग्नल पडायचा. एवढ्या कामासाठी रेल्वेने तो काळा फोन दिला होता. नंबर सांगितल्यापासून गाडी फाटकावरून जाईपर्यंत जी काही मिनिटं मिळत, त्यांत हे दोघे फुटबॉल बोलत. दोन वर्षांत समोरासमोर भेट झाली ती दोनदाच, तीही पगाराच्या रांगेत.

गुणाजीने उभ्या जन्मात फुटबॉलचा सामना बघितला नव्हता. तरुणपणी तो कबड्डी खेळलेला, पायाने चेंडू मारण्यात काय मर्दुमकी असं त्याला वाटायचं. पण म्हापशाचे नोरोन्हा बदलून कासूला आले आणि पहिल्याच आठवड्यात त्यांनी फोनवर विचारलं, "फुटबॉल आवडतो का रे तुला?" साहेबाला नाही म्हणायची सवय नसल्यामुळे हा व्हय म्हणाला. मग कुणाच्या बाजूने, हा प्रश्न आला. गोवा म्हणावं तर विषय तिथेच मिटला असता. दोघंही एकाच बाजूचे म्हटल्यावर बोलायचं काय? म्हणून त्याने कलकत्ता म्हटलं. कलकत्ता त्याला शाळेच्या नकाशापुरतं माहीत होतं. पुढे नोरोन्हांकडूनच ऐकून ऐकून तो पेनल्टी, कॉर्नर, ऑफसाइड शिकला आणि नोरोन्हांशीच त्यावरून भांडू लागला.

नोरोन्हा सांगत, रोह्याच्या त्यांच्या क्वार्टरवर सामना असला की पंधरा-वीस जण जमतात, टीव्हीपुढे पाय ठेवायला जागा नसते, पिंटो नावाचा एक जण गोल झाला की खुर्चीवर चढतो. हे ऐकून गुणाजीला राहवलं नाही. त्यानेही फाटकावर माणसं जमवली. फोनवर जमवायला काय लागतं? त्यांचा म्होरक्या हैबतराव. हैबतराव हा माणूस खरा होता. गडब गावचा राहणारा, एकदा सायकलवरून जाताना थांबून त्याने विडी पेटवायला काडी मागितली होती. तेवढ्या ओळखीवर गुणाजीने त्याला कलकत्त्याचा कट्टर माणूस करून टाकला. त्याला स्वभाव दिला, राग दिला, नोरोन्हांना द्यायला शिव्याही दिल्या. खऱ्या हैबतरावाला कळलं असतं तर त्याने सायकल दुसऱ्या वाटेने घातली असती.

प्रत्यक्षात फाटकावर गुणाजीशिवाय कोणी नसे. बायको गिरजाबाई जाऊन सहा वर्षं झाली होती. मुलगी मालू वडखळला दिलेली, ती गणपतीत येई आणि दोन दिवसांत परत जाई. भाताचा ट्रक थांबला तरी ड्रायव्हर खाली उतरत नसे. कधी कधी गुणाजी फाटक उगाच थोडं उशिरा उघडायचा, म्हणजे कोणी तरी ओरडेल आणि तेवढंच बोलणं होईल.

रविवारचा सामना साखळीतला शेवटचा होता. बरोबरी झाली तरी कलकत्ता बाद फेरीत जाणार होतं. गोव्याला जिंकावंच लागणार होतं, नाहीतर त्यांचा गाशा गुंडाळलेला. आणि गोवा बाहेर पडलं की नोरोन्हांचा फुटबॉल वर्षभरासाठी संपला. दुसऱ्यांचे सामने ते बघत नसत, तसं त्यांनी स्वतःच सांगितलं होतं. मग फोनवर उरणार काय? फाटक, नंबर, खट्. म्हणून कलकत्त्याचा हा कट्टर माणूस आठवडाभर सकाळी गणपतीच्या तसबिरीपुढे हात जोडून गोव्यासाठी गोल मागत होता.

शनिवारी नोरोन्हा म्हणाले, "तू पण ये ना रे उद्या. सगळी मंडळी आहेत. मासे तळतो."

"आमी कुठं येनार साहेब."

"का? हैबतरावाला पण आण की!"

"त्याला येळ नाय. वाल काढायला झालेत."

बोलण्याच्या ओघात दिलेलं आमंत्रण होतं ते, पण गुणाजी दिवसभर त्यातच राहिला. रविवारी त्याची सुट्टी होती, फाटकावर बदलीचा काळुराम येणार होता. जाऊन बसावं का एकदा त्या माणसांत? साहेबांच्या घरी खुर्ची नको, उंबऱ्याशी बसू. एकदा तरी पंधरा-वीस माणसं एकदम ओरडताना ऐकू.

रविवारी त्याने खाडीवरून चिंबोऱ्या आणल्या, नांग्या बांधून पिशवीत घातल्या, मालूने गणपतीत आणलेला सदरा अंगात चढवला आणि दुपारच्या गाडीत बसला. हैबतराव का आला नाही, हे पिंटोने विचारलंच तर काय सांगायचं, याची तो नागोठण्यापासून तयारी करत होता.

रोहा स्टेशनच्या मागे क्वार्टरची रांग होती. एका ओट्यावर एक बाई सुपात तांदूळ पाखडत बसली होती, आतून तिच्या टीव्हीवर सिनेमा चालल्याचा आवाज येत होता.

"नोरोन्हा साहेबांचं घर कुठलं, बाय?"

"ह्ये काय, बाजूचंच. तुमी कोन?"

"कासूचा गेटमन. साहेबांकडं मॅच बघायला आलोय. मंडळी जमली असतील ना?"

बाईने सूप खाली ठेवलं. "कसली मंडळी?"

"पिंटो साहेब, झालंच तर..."

"अवो, मास्तरांकडं दूधवाला सोडला तर कोन येतंय? बायको-पोरं गोव्याला. टीवी नाय त्यांच्या घरात. मी कितीदा म्हनलं, आमच्याकडं येऊन बघा. लाजतात ते." ती उठली. "हाक मारू काय?"

"नको, नको," गुणाजी घाईने म्हणाला.

शेजारची खिडकी अर्धी उघडी होती. नोरोन्हा बनियनवर खाटेच्या कडेला बसले होते. घरातल्या एकुलत्या खुर्चीवर उद्याचा युनिफॉर्म टांगलेला होता. मांडीवर ट्रान्झिस्टर घेऊन ते अगदी सावकाश बटण फिरवत होते आणि त्यातून नुसती खरखर येत होती. मध्येच काही शब्द लागल्यासारखे झाले, तसे ते पुढे वाकले. शब्द गेले. त्यांनी पुन्हा बटण फिरवायला घेतलं.

आधी गुणाजीला फसवल्यासारखं वाटलं, आणि मग ज्याने हैबतराव जमवला त्याने कोणत्या तोंडाने रागवायचं, हेही वाटलं. दार चार पावलांवर होतं. आत गेला असता तर दोघांनी मिळून ती खरखर ऐकली असती, चिंबोऱ्या खाल्ल्या असत्या. पण त्या माणसाने पहिल्यांदा काय केलं असतं? मंडळी आज का आली नाहीत, ते सांगायला घेतलं असतं. ते आपल्याला उभं राहून ऐकता येणार नाही, एवढं गुणाजीला कळलं. आपल्या फाटकावर साहेब असेच न सांगता आले असते, तर आपण कुठे तोंड लपवलं असतं?

"ह्या तुमीच करा बाय," त्याने पिशवी ओट्यावर ठेवली. "आन मी आलेलो ते बोलू नका त्यांना."

"नाव तरी सांगा!"

"नाव कशाला." तो वळला आणि स्टेशनवर जाऊन परतीच्या गाडीची वाट बघत बसला.

सोमवारी सकाळी फोन वाजला. त्याने फाटक लावलं, नंबर दिला.

"बरोबरी," नोरोन्हा म्हणाले. "एक-एक. गेला तुझा कलकत्ता पुढे."

"असं?"

"असं काय? बघितला नाहीस?"

"बघितला तर! मानसं नाचत होती हितं." आवाज नेहमीसारखा काढायला त्याला जोर करावा लागला. "तुमच्याकडं?"

"आमच्याकडे काय विचारतोस बाबा. पाय ठेवायला जागा नव्हती. शेवटच्या मिनिटाला आमचा बॉल खांबाला लागला, पिंटोने डोकं धरलं. मासे कोणी खाल्लेच नाहीत, सगळे तसेच राहिले."

"वाईट झालं साहेब."

"हां. संपला रे आमचा सीझन. आता तुझ्या-माझ्यात बोलायला काय उरलं? आता नुसतं फाटक."

दूर कासूच्या बाजूला इंजिनाने शिट्टी दिली.

"साहेब, कवातरी फाटकावर या. सुट्टीच्या दिवशी. चिंबोऱ्या करू."

"मी? अरे, या मंडळींना कळलं तर सगळेच निघतील."

"नको साहेब. मंडळींना नका आनू. एकटेच या."

मग नोरोन्हांनी विचारलं, "आणि तुझी माणसं?"

"ती नसतील साहेब. मीच असेन."

गाडी आली, खोलीच्या खिडक्या हलल्या, शेवटचा डबा वळणाआड गेला आणि रूळ पुन्हा गप्प झाले.

"गाडी गेली?" नोरोन्हांनी विचारलं.

"गेली साहेब."

"मग फाटक उघड."

"उघडतो," गुणाजी म्हणाला. पण रिसीव्हर त्याने खाली ठेवला नाही. तिकडूनही कोणी ठेवला नाही.