सरकलेले दोर

बूमवरचे दोर दुसऱ्यांदा सरकलेले दिसले, तेव्हा बारकीच्या मनात पाल चुकचुकली. पहिल्या वेळी तिने स्वतःच्या वेंधळेपणाला बोल लावला होता. पण दुसऱ्यांदाही वेंधळेपणा करण्याइतकी ती वेंधळी नव्हती.

पाण्यावर शिडाच्या फळीवर उभं राहून शीड धरायचा आडवा दांडा म्हणजे बूम. त्याच्या दोन्ही अंगांना दोराचा एकेक फास असतो. कमरेच्या पट्ट्याचा हूक त्या फासात अडकवला की वाऱ्याची ओढ हातांवर न येता अंगावर यावी, अशी सोय. बारकीला मात्र ही सोय कधी लाभलीच नव्हती. खाडीच्या मध्यावर पोचेपर्यंत तिचे हात कोपरापासून मनगटापर्यंत दगड व्हायचे आणि मिटलेली बोटं उघडायचं नाव घ्यायची नाहीत. गेल्या वर्षी बेटापर्यंतच्या शर्यतीत तिला मध्यावरून बोटीत घालून परत आणलं होतं, तेही सगळ्या गावासमोर. यंदाही तसंच झालं, तर लांबच्या शर्यतीत पुन्हा उतरवणार नाही, असं क्लबने बजावलं होतं. शर्यत रविवारी होती. शिवणाच्या कारखान्यात कापड कापताना कात्री हातातून निसटायची, तरी ती रोज संध्याकाळी पाण्यावर जात होती.

आणि अशात कोणीतरी दोर सरकवत होतं.

कोणीतरी कशाला, किनाऱ्यावर फळ्या ठेवायच्या शेडमध्ये बारकीखेरीज जायची ती एकटी आत्या. एके काळी बेटाला वळसा घालून सगळ्यांच्या आधी परत येणारी. मग सांधे सुजले, बोटं वाकडी झाली, डॉक्टरांनी पाण्यावर जाणं बंद केलं. आता ती फळ्या भाड्याने द्यायची आणि बारकीला फुकटचे सल्ले द्यायची. "मूठ आवळू नकोस गं, सैल धर."

सैल धर म्हणे. म्हणजे शीड वाऱ्यावर आणि बारकी पाण्यात. आपल्यानंतर घरात दुसरं कोणी बेट गाठू नये, असं आत्याला वाटत असणार. यात कुठेतरी पाणी मुरतंय, हे बारकीने मनाशी पक्कं केलं. दोर पुन्हा पुढे घेतले आणि निघताना बूमवर शिवणाचा बारीक धागा गुंडाळून ठेवला.

दुसऱ्या दिवशी धागा तुटलेला होता आणि दोर पुन्हा मागे गेले होते. बारकीचं डोकं फिरलं. तिने घरी जाऊन बाबांना सगळं सांगितलं, आणि वर म्हणाली, "तुमची बहीण आहे म्हणून गप्प बसू नका."

बाबांचा चेहरा पडला. "बघतो मी," एवढंच म्हणाले.

बारकीला तेवढा धीर कुठला. उजाडता उजाडता ती शेडवर पोचली. दार उघडंच होतं आणि तिची फळी जागेवर नव्हती. ती धावत किनाऱ्यावर आली. किनाऱ्यालगतच्या पाण्यावर एकच शीड होतं, तिचंच, आणि त्याखाली आत्या.

आत्या मागे रेलली होती, खुर्चीत टेकावं तशी निवांत. शीड कमरेच्या हुकावर तोललेलं. हात बूमवर नुसते ठेवलेले, बोटं उघडी. ती बोटं मिटतच नव्हती, बारकीला ठाऊक होतं. घरी बरणीचं झाकणही बारकीच उघडून द्यायची. वाऱ्याचा झोत आला, तशी आत्या आणखी थोडी मागे झुकली आणि सुसाट निघाली. बारकीचा राग जागच्या जागी विरला. असं देखणं तिने कधी पाहिलं नव्हतं, आणि ही बाई आपलं वाईट चिंतते, असं ती गेले काही दिवस धरून बसली होती.

आत्या किनाऱ्याला लागली आणि बारकीला पाहून थबकली.

"तुझे दोर फार पुढे असतात," ती म्हणाली. "म्हणून सगळा भार मागच्या हातावर येतो. मग तू मूठ आवळतेस, आणि हात संपतात. हूक अडकवून दोन्ही हात क्षणभर सोडून बघायचे. शीड तोललेलं राहिलं, तर दोर बरोबर. आधी मी माझ्यापुरते मागे घेऊन परत तुझ्या जागेवर सरकवून ठेवायचे. मग म्हटलं, राहू दे, हाताला आपोआप कळेल. तर तू रोज पुढे घेतेस."

"सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर पाण्यावर न जाता तुला कसं कळलं म्हणून विचारलं असतंस. आणि ते दादाच्या कानावर गेलं असतं."

"आत्या, मला वाटलं तू मुद्दाम बिघडवतेस."

आत्याने तिच्याकडे पाहिलं. "वाटलं, की कुणाला बोललीसही?"

तेवढ्यात बाबा वाळूतून आले, हातात नवं कोरं कुलूप. त्यांनी बहिणीचे ओले केस पाहिले, मग फळी पाहिली.

"बाबा, चूक माझीच होती," बारकी घाईने म्हणाली. "आत्याने दोर नीट लावले होते."

"दोरांचं जाऊ दे," बाबा म्हणाले. "आखडलेल्या हातांनी एकटी आत जातेस, आणि किनाऱ्यावर काळं कुत्रं नाही. बुडाली असतीस तर आम्हाला कळलं तरी असतं का?"

त्यांनी शेडला कुलूप लावलं आणि किल्ली बारकीच्या हातात दिली. आत्या एका शब्दानेही भांडली नाही, हेच बारकीला सहन होईना.

रविवारी दोर आत्याच्या जागेवर होते. बारकीने हूक अडकवला, मागे रेलली आणि बोटं उघडली. बेट आलं तरी हात ताजे होते. परत आली तेव्हा सगळा क्लब टाळ्या वाजवत होता. आत्या पाठमोरी, फळ्या पुसत होती.

"उद्या पहाटे येशील?" बारकीने जवळ जाऊन विचारलं. "मी किनाऱ्यावर उभी राहीन. बाबांना सांगूनच."

आत्याने फडकं पिळायचा प्रयत्न केला. ते नीट पिळलं गेलं नाही.

"बघते," ती म्हणाली. "तुझ्यावर भरवसा ठेवायचा की नाही, ते अजून ठरत नाहीये."