मार ना, धम्मा!

पप्पांना फुटबॉल समजावणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. मी मिडफिल्डर. बॉल हिसकवायचा आणि मोकळ्या पोराला द्यायचा, हेच माझं काम, याचाच पगार मला क्लब देतो. पण आमच्या कॉलनीत ज्याच्या नावावर गोल नाही तो खेळाडूच नाही! अंबडच्या कंपनीत लोक पप्पांना विचारतात, "जयरामभाऊ, पोरानं गोल किती मारले?" पप्पा खाली मान घालतात. मग घरी येऊन माझ्यावर तणतणतात, "बॉल आला की देऊन टाकतोस. एवढा कसला दानशूर रे तू?"

अर्धा सीझन मी बाकावरच बसून काढला. मग मॅच आली ती नेमकी आमच्या नाशिकला. आदल्या दिवशी कोच सरांनी बाजूला घेतलं. "धम्मपाल, उद्या तू सुरुवातीपासून खेळतोयस. पुढच्या वर्षी तुला ठेवायचं की नाही ते उद्याच ठरेल. साधं खेळ. पास दे, बस."

सगळी कॉलनी टेम्पो करून आली. पप्पा सुट्टी टाकून, इस्त्रीचा शर्ट घालून पुढेच बसले. आणि मी काय खेळत होतो म्हणून सांगू! एक पास चुकला नाही. कोच सर टाळ्या वाजवत होते. स्टँडमधून मात्र काय ऐकू येतं? "अरे, परत दिला! मार ना, धम्मा!" आवाज पप्पांचाच. त्यांच्या शेजारी आमच्या गल्लीतले केरूकाका खो खो हसले, तेही ऐकलं मी. डोक्याची नुसती मंडई झाली.

मॅच संपत आली तरी गोल कुणाचाच नाही. तेवढ्यात बॉल माझ्याकडे आला. डावीकडे आमचा ज्ञानेश एकटा, गोलच्या तोंडाशी, हात वर करून ओरडतोय. आंधळ्यानंसुद्धा त्यालाच दिला असता.

"मार!" पप्पा ओरडले.

मारला.

बॉल गोलवरून, कंपाउंडच्या भिंतीवरून थेट रस्त्यावर गेला. ज्ञानेशनं कपाळावर हात मारून घेतला. लगेच मला बाहेर बोलावलं. "पास द्यायला घेतलं होतं तुला," सर म्हणाले, तेही माझ्याकडे न बघता. मॅच संपल्यावर मॅनेजरनं सांगून टाकलं, पुढच्या वर्षी दुसरीकडे बघ.

असा संताप आला होता! सगळा पप्पांवर काढायचा असं ठरवूनच गेटबाहेर आलो. तोंड उघडणार, तर त्यांनी सगळ्यांदेखत मला मिठीच मारली. डोळे भरून आले होते त्यांचे.

"आज खेळलास बघ! काय केरू, बघितलंस ना कसा हाणला?"

केरूकाकांनी चक्क मान डोलावली. पप्पांची मान इतकी ताठ मी कधी पाहिली नव्हती.

"फक्त पुढच्या वेळी जरा खाली मार," ते म्हणाले. "कधी आहे रे पुढची मॅच?"

"सांगतो," म्हटलं, आणि टेम्पोत जाऊन बसलो.